‘दिसलं’ म्हणण्याआधी

पहाटे ३.५०

जूनमधल्या ॲरिझोनात विमान शिकवायचं तर अंधारातच उठावं लागतं. अकरानंतर डांबरावरून उठणारी उष्णता लहान विमानाला असं काही हिंदकळवते की शिकणाऱ्याचं पोट आणि लक्ष, दोन्ही ठिकाणावर राहत नाहीत. शिवाय तापलेली हवा विरळ. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवरचं आमचं मैदान ४२ अंशांना पाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. इंजिन दमतं, पंख कमी उचलतात, धावपट्टी आखूड वाटू लागते. म्हणून साडेपाचचा स्लॉट सगळ्यांना हवा असतो, आणि म्हणूनच साडेपाच ते नऊ या वेळात आमच्या डोक्यावर विमानांची दाटी असते.

मी मूळची साताऱ्याची, इथे फ्लाइट इन्स्ट्रक्टर. विमानतळाचं नाव सांगणार नाही, धावपट्ट्यांचे आकडेही नाही. आकडे दिले की जाणकार माणूस लगेच ओळखतो. दोन समांतर धावपट्ट्या आहेत, एक लेफ्ट, एक राइट, एवढं पुरे.

पहाटे ४.३५

सेसना १७२ ची तपासणी. इंधनाच्या टाकीतून नळीभर पेट्रोल काढायचं, त्याचा निळा रंग बघायचा, तळाशी पाणी नाही ना ते पाहायचं. मग समोरची काच. हे काम मी विद्यार्थ्यावर सोडत नाही. काल संध्याकाळचे चिलटांचे डाग वाळून बसलेले असतात, आणि त्यातला एखादा नेमका विमानाएवढा असतो.

यात गंमत काहीच नाही. जे विमान तुमच्या अंगावर येत असतं, ते काचेत सरकत नाही. सरकणारं विमान पुढून किंवा मागून निघून जातं. एकाच जागी थांबून नुसतं मोठं होत जाणारं, ते तुमचं. बराच वेळ ते ठिपकाच राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम पसरतं. चिलटाचा डागही हलत नाही. म्हणून काच स्वच्छ हवी, आणि डोकं अधूनमधून पुढे-मागे करून बघायची सवय हवी.

पहाटे ५.३०

पहिला विद्यार्थी निवृत्त अमेरिकन गृहस्थ. सकाळचा वारा पूर्वेचा, त्यामुळे उतरायचंही पूर्वेकडे तोंड करून, नुकत्याच उगवलेल्या सूर्यात. उतरायच्या रेषेत वळलो की समोर नुसता पांढरा भडका. पुढचं विमान धावपट्टीवर आहे की बाजूला गेलं, हे दोघांनाही दिसत नाही. टॉवर सांगतो तेव्हा कळतं. त्यांनी चार लँडिंग केली, त्यातली दोन चांगली.

सकाळी ७.००

ताकाच्या नावाखाली इथे जे मिळतं ते पिऊन मी जळगावच्या पोराची वाट बघते. वय एकोणीस. इथे लायसन्स काढायचं, मग भारतात जाऊन डीजीसीएच्या परीक्षा आणि ते लायसन्स बदलून घ्यायचं, असा त्याचा बेत. आमच्या उड्डाणशाळेत तो मला मॅडम म्हणतो, आजूबाजूला कोणी नसलं की ताई. उन्हाचं त्याला कौतुक नाही. ‘‘आमच्याकडं मे महिन्यात एवढं असतंच की, ताई.’’

पोरगा हुशार आहे. हात हलका, कान तयार. एकच खोड आहे, आणि ती त्याची एकट्याची नाही. कोणी मोठ्या आवाजात विचारलं की उत्तर ‘हो’. समजलं का? हो सर. दिसतंय का? हो सर. आपल्या शाळेत बाकावर उभं राहण्यापेक्षा ‘हो’ म्हणून खाली बसणं सोपं असतं. ते अंगात मुरतं. रेडिओवर टॉवरचा आवाज हा त्याच्यासाठी अजून वर्गातल्या सरांचाच आवाज आहे.

सकाळी ७.४०

धावपट्टीभोवती एक न दिसणारा आयत असतो. उतरायच्या उलट दिशेने जाणारी लांब बाजू म्हणजे डाउनविंड, मग काटकोनात वळून बेस, पुन्हा वळून फायनल. जमिनीपासून साधारण हजार फूट. लेफ्टचा आयत डावीकडे, राइटचा उजवीकडे. दोन्हीकडची विमानं बेसवर आली की तोंडं एकमेकांकडे असतात. दोघं वेळेवर आपापल्या धावपट्टीकडे वळली तर शेजारी-शेजारी उतरतात. एक वळायचं विसरलं, किंवा उशिरा वळलं, तर समोरासमोर.

मध्ये अंतर किती? साध्या डोळ्यांनी उडणाऱ्या विमानांना एकाच वेळी दोन समांतर धावपट्ट्या वापरू द्यायच्या तर अमेरिकन रचनानियमांत मध्यरेषांतलं किमान अंतर ७०० फूट आहे. जमिनीवर चालून बघितलं तर भरपूर वाटतं. ९० नॉटनं जाणारं विमान सेकंदाला दीडशे फूट कापतं. पाच सेकंदही लागत नाहीत.

आणि टॉवर? नव्या माणसाला, त्याच्या आईवडिलांना तर हमखास, वाटतं की टॉवर आहे म्हणजे वरती कोणीतरी विमानं एकमेकांपासून लांब ठेवतंय. मोठ्या प्रवासी विमानांबाबत ते बरंचसं खरं आहे. आमच्यासारख्या डोळ्यांच्या भरवशावर उडणाऱ्यांबाबत नाही. टॉवरची पक्की जबाबदारी धावपट्टीची. पुढचं लहान विमान पट्टीवरून बाहेर पडलेलं असावं, किंवा ते निदान तीन हजार फूट पुढे असल्याशिवाय मागच्याची चाकं टेकू नयेत, हे तो बघतो. हवेत तो नंबर लावतो, कोण कुठे आहे ते सांगतो. अंतर राखायचं ते आपण. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर कुठली गाडी आधी सुटेल ते सांगतो; घाटात समोरून येणाऱ्या ट्रकला चुकवायचं काम ड्रायव्हरचंच.

त्यात अमेरिकेची आणखी एक तऱ्हा. पुढे दोन विमानं असली तरी ‘नंबर थ्री, क्लिअर्ड टु लँड’ म्हणून परवानगी आधीच देऊन टाकतात. भारतात पट्टी मोकळी होईपर्यंत सहसा ‘कंटिन्यू अप्रोच’ ऐकू येतं. मला आपली पद्धत बरी वाटते. उतरायची परवानगी खिशात पडली की डोळे धावपट्टीला चिकटतात, आणि आजूबाजूचं जग संपतं. इथल्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. एवढ्या गर्दीत प्रत्येकाशी दोनदा बोलायला वेळ कुठला, असं ते म्हणतात. तेही खरंच.

सकाळी ८.२०

गर्दी टिपेला. लेफ्टला एक कंट्रोलर, राइटला दुसरा, दोघांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या. एका फ्रिक्वेन्सीवर एवढ्यांना बोलताच येणार नाही, म्हणून ही सोय. तिची किंमत अशी, की शेजारच्या पट्टीवर येणारा काय बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही. एरवी आम्ही निम्मं आकाश कानांनी बघतो.

आम्ही लेफ्टच्या बेसवर. टॉवरचा आवाज आला: आमचा नंबर दोन, पुढे सेसना शॉर्ट फायनलवर, आणि समांतर पट्टीसाठी उजव्या बेसवर एक पायपर. उतरायची परवानगीही त्याच वाक्यात.

पोरानं श्वास न घेता उत्तर दिलं, ‘‘ट्रॅफिक इन साइट, नंबर टू, क्लिअर्ड टु लँड लेफ्ट.’’

‘‘कुठाय?’’ मी विचारलं.

त्यानं समोर बोट केलं. धावपट्टीच्या तोंडाशी पोचलेली सेसना.

‘‘ती सेसना झाली. पायपर?’’

गप्प. मी बटण दाबून टॉवरला सांगितलं, पायपर दिसत नाही, शोधतोय. रेडिओवर याला ‘नेगेटिव्ह कॉन्टॅक्ट’ म्हणतात. उच्चारायला दोन सेकंद लागतात आणि कमीपणा वाटतो, म्हणून लोक टाळतात. पण कंट्रोलरच्या दृष्टीनं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पायलट ‘दिसलं’ म्हणाला की ती जोडी कंट्रोलरच्या डोक्यातून खाली उतरते. तो पुढच्या दोघांकडे वळतो. ‘दिसत नाही’ म्हटलं की त्याला आमच्यावर नजर ठेवावी लागते.

आम्ही फायनलवर वळलो. साडेचारशे फूट, ६५ नॉट. पोरगा धावपट्टी बघत होता. त्याचं कामच ते. मी उजव्या सीटवर, त्यामुळे उजवीकडचं आकाश माझं. आमचा पंख डोक्यावर असतो, तेव्हा वरच्या अंगाचं काही बघायचं तर मान खाली घालून पंखाच्या कडेखालून डोकवावं लागतं. डोकावले. पायपर होती. पांढरी, निळ्या पट्ट्याची, उजवीकडे आणि थोडी मागे, आमच्यापेक्षा किंचित वर. वळत होती, पण तिचं वळण केव्हाच संपायला हवं होतं. राइटची रेषा ओलांडून ती आमच्याकडे येत होती, आणि काचेत जागची हलत नव्हती.

तिच्या पायलटला आम्ही दिसणं शक्य नव्हतं. पायपरचे पंख खाली असतात. उजवीकडे वळताना डावा पंख वर येतो, आणि आम्ही बरोबर त्या पंखाच्या पलीकडे. वर पंख असलेलं विमान खाली आणि खाली पंख असलेलं विमान वर, अशी जोडी जमली की दोघांनाही एकमेकांची जागा सोडून बाकी सगळं दिसतं.

‘‘माय कंट्रोल्स.’’

उतरणं सोडायचं म्हणजे पूर्ण शक्ती देऊन वर जायचं, हे आम्हीच रोज घोटून घेतो. इथे वर ती होती. म्हणून आधी डावीकडे, सपाट, मग शक्ती, मग वर. डाउनविंडवर डावीकडेही एक विमान होतं, पण ते हजार फुटांवर, चांगलं लांब. एवढं सगळं मी विचार करून केलं असं म्हणणं खोटं होईल. उजवीकडे ती आहे, तर डावीकडे, एवढाच विचार.

पायपर आमच्या उजव्या पंखाच्या वरून पुढे निघाली. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाची लाल टोपी मला दिसली. तो खिडकीतून दुसरीकडेच बघत होता.

त्याच वेळी आमच्या कानात कंट्रोलरचा आवाज आला, गो अराउंड, डावीकडे राहा, उजवीकडचं विमान रेषा ओलांडतंय. म्हणजे त्यानंही बघितलं होतं, आमच्या मागोमाग सेकंदभरानं. आवाज वरच्या पट्टीत गेला नव्हता, फक्त शब्द जवळजवळ आले होते.

पोरानं विचारलं, ‘‘काय झालं?’’ त्याला विमान दिसलंच नव्हतं. पुन्हा डाउनविंडवर आल्यावर मी त्याला कंट्रोल्स परत दिले. उतरवलं त्यानंच, आणि ठीक उतरवलं.

सकाळी ९.१०

टॉवरला फोन. कंट्रोलर माझ्या आधीच सुपरवायझरशी बोलला होता. पायपरला राइटच्या फ्रिक्वेन्सीवर ‘पॉसिबल पायलट डेव्हिएशन’ सांगून फोन नंबर दिला गेला होता. अमेरिकेत रेडिओवर हे दोन-तीन शब्द आले की उडणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. नंबर लिहून घ्यायचा आणि उतरल्यावर फोन करायचा.

फोन करून झाल्यावर पायपरचा पायलट स्वतःच रॅम्प ओलांडून आला. साठीचा, बाहेरगावचा, चेहरा उतरलेला. त्याला सांगितलं होतं, पुढच्या सेसनाच्या मागे जा. त्याच्या नजरेसमोर त्या वेळी तीन सेसना होत्या. त्यानं एक निवडली. ती आमच्या बाजूची निघाली, लेफ्टवर उतरणारी. तिच्या मागे जायचं म्हणून तो वळण लांबवत गेला. वेगही शंभरच्या वर होता. त्याच्या गावच्या विमानतळावर गर्दी नसते, तो लांबून सरळ येऊन उतरतो. आणि टॉवरला त्यानं काय सांगितलं होतं? ‘‘ट्रॅफिक इन साइट.’’

पोरगा बाजूला उभं राहून ऐकत होता.

लाल टोपीवाला त्याचा मेहुणा निघाला. त्याला अजून काही माहीत नव्हतं, आणि सांगायचं की नाही यावर आमच्यासमोरच त्यांचा विचारविनिमय झाला.

सकाळी १०.३०

वर्ग. सहा मुलं, दोन मुली. ठरलेला विषय हवामान होता. तो पुढे ढकलला.

फळ्यावर मी एकच आकडा लिहिला, १२.५. अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकानं, एफएएनं, टक्कर टाळण्याबाबत वैमानिकांसाठी काढलेल्या माहितीपत्रकात हा हिशेब आहे. वस्तू डोळ्यांत शिरायला ०.१ सेकंद, ती विमान आहे हे कळायला १, ते आपल्यावर येतंय हे उमगायला ५, कुठे वळायचं ते ठरवायला ४, हात हलायला ०.४, आणि विमान वळायला २. सगळ्यात जास्त वेळ खातं ते उमगणं. डोळे तीक्ष्ण असून भागत नाही.

जळगावकरानं हात वर केला. ‘‘मॅडम, चूक कोणाची धरतात?’’

मी त्याला सेंटेनियल सांगितलं. डेन्व्हरजवळचा हा विमानतळ, १२ मे २०२१ ची सकाळ. दोन समांतर धावपट्ट्या, दोन कंट्रोलर, दोन फ्रिक्वेन्सी. एक लहान सिरस उजव्या पट्टीसाठी वळताना वेगात पुढे गेलं आणि डाव्या पट्टीवर येणाऱ्या मालवाहू मेट्रोलायनरला धडकलं. मेट्रोलायनरची पाठ फाटून उघडी पडली. त्याच्या एकट्या वैमानिकाला वाटलं उजवं इंजिन गेलं. तसं टॉवरला सांगून त्यानं ते तुकडा लोंबणारं विमान उतरवलं. सिरसला पूर्ण विमान तोलणारं पॅराशूट असतं, ते उघडलं. तिन्ही माणसं चालत बाहेर आली. तपास करणाऱ्या एनटीएसबीनं मुख्य कारण सिरसच्या वैमानिकावर ठेवलं: नेमून दिलेल्या पट्टीच्या रेषेत तो राहिला नाही. त्याचा वेग ठरल्यापेक्षा जास्त होता आणि कंट्रोलरनं मेट्रोलायनरला सिरसची जागा सांगितली नव्हती, हे हातभार लावणाऱ्या कारणांत लिहिलं.

सगळेच असे सुटत नाहीत. नॉर्थ लास व्हेगासला १७ जुलै २०२२ रोजी डाव्या पट्टीसाठी सांगितलेलं पायपर उजव्या पट्टीच्या रेषेत गेलं, आणि तिथे शिकवणीतली सेसना १७२ उतरत होती. चौघं गेले. सॅन डिएगोजवळच्या ब्राउन फील्डला १६ ऑगस्ट २०१५ रोजी गोष्ट उलटी झाली: कंट्रोलरनंच दोन सेसनांची अदलाबदल केली. ज्याला वळायला सांगितलं ते विमान वेगळं, जे समोर होतं ते वेगळं, आणि मागून येणारं सेबरलायनर जेट त्यावर आदळलं. पाच जण. तिन्ही वेळा सकाळ ते दुपारचा उजेड, तिन्ही विमानतळांवर टॉवर.

एका मुलीनं विचारलं, एवढी मोठी धावपट्टी चुकते कशी? मी तिला जुहू सांगितलं. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या पट्टीवर उतरलं आणि ती ओलांडून पुढे निघून गेलं. अनुभवी वैमानिकांना विमानतळ चुकतो, तर सातशे फुटांवरची जुळी पट्टी का नाही चुकणार? समोर पट्टी दिसली, ती आपल्याला हवी तशी होती, म्हणून ती आपली.

पोराच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तसंच राहिलं. माझं मत विचाराल तर चूक धरण्याची घाई तपास यंत्रणेलाही नसते, महिनोन्‌महिने लागतात. आम्ही मात्र चहा संपायच्या आत निकाल देऊन मोकळे होतो.

दुपारी १२ ते ४

काही नाही. तापमान ४३. विमानाच्या दाराच्या कडीला हात लावून दाखवा, अशी इथली मुलं एकमेकांशी पैज लावतात. एक तास सिम्युलेटर, एक तास झोप.

संध्याकाळी ५.३०

वारा पश्चिमेचा झाला, धावपट्टीची दिशा उलटली, सूर्य पुन्हा डोळ्यांत. मी दुसऱ्या एका विद्यार्थिनीला घेऊन गेले. जळगावकराला मागच्या सीटवर बसवलं आणि दुसऱ्या रेडिओवर राइटची फ्रिक्वेन्सी लावून दिली. काम एवढंच: फक्त शेजारची पट्टी ऐकायची, आणि कोण कुठे आहे ते कागदावर काढत जायचं. बोलायचं नाही, उडवायचं नाही.

समोर टॅबलेटवर बाकीची विमानं दिसतात. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत मोठ्या शहरांच्या आसपास उडणाऱ्या जवळजवळ सगळ्या विमानांना आपली जागा प्रसारित करणारं यंत्र सक्तीचं आहे. वाटेत त्याचा फार उपयोग. पण धावपट्टीभोवतीच्या आयतात सगळेच जवळ, त्यामुळे ते सारखं ओरडतं, आणि लोक त्याचा आवाज बंद करून टाकतात. शिवाय पडद्याकडे बघणारे डोळे बाहेर नसतात. मी टॅबलेट मागे, पोराच्या मांडीवर दिला.

उतरल्यावर त्याचा कागद बघितला. बाण, वर्तुळं, खाडाखोड. दोन ठिकाणी ‘माहीत नाही’ असं मराठीत लिहिलेलं.

रात्री ८.४५

अहवाल. नासा १९७६ पासून अशा घटनांची गोपनीय नोंद ठेवते. वैमानिक, कंट्रोलर, कोणीही लिहू शकतं. नाव-पत्त्याची पट्टी ते तारीख टाकून परत पाठवतात. दहा दिवसांच्या आत लिहिलं आणि मुद्दाम केलेला प्रकार किंवा अपघात नसेल तर नियमभंगाची शिक्षाही सहसा माफ होते. पायपरवालाही लिहिणार आहे, त्यानं सांगितलंय. मी आणि पोरगा शाळेच्या दोन संगणकांवर शेजारी-शेजारी बसलो.

अर्जात एक रकाना आहे: चुकलेलं अंतर, आडवं आणि उभं, फुटांत. पाचशे फुटांपेक्षा कमी असलं की एफएएच्या व्याख्येत ही हुकलेली टक्कर. मी आडवं ३०० लिहिलं, उभं १००.

तो माझ्या पडद्याकडे बघत होता. ‘‘ताई, मी पण तीनशेच टाकू ना?’’

‘‘तुला किती वाटलं?’’

‘‘मला दिसलंच नव्हतं. तुम्ही वळवल्यावर एक पांढरं काहीतरी गेलं, तेवढंच.’’

‘‘मग तेवढंच लिही.’’

त्यानं बराच वेळ कर्सर त्या रकान्यात ठेवला. मग रकाना रिकामा सोडून खाली मजकुरात टाइप करायला लागला, एका बोटानं, आणि मध्येच विचारलं की ‘नेगेटिव्ह कॉन्टॅक्ट’ माझ्याकडूनच गेलं होतं ना, कारण टॉवरला त्यानं तर ‘इन साइट’ म्हटलं होतं, आणि तेही लिहायला लागेल ना. लागेल, म्हटलं.